‘दारुड्यांची डॉक्टर’ व्हायचंय तिला

प्रश्न (संक्षिप्त): मुलगी भूलतज्ज्ञ, एमडी. पुढे पेन मॅनेजमेंट शिकली, सात वर्षं वाशीत पेन क्लिनिक बघते. वय ३८. आता ते सोडून व्यसनमुक्तीत जायचं म्हणते. इतकं शिकून हेच करायचं? घराचे हप्ते चालू आहेत. तिला कसं समजवावं? – एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, तुमच्या मूळ पत्रात ‘दारुडे’ हा शब्द चार वेळा आलाय. आणि ज्या पेशंटपासून हे सगळं सुरू झालं, त्याच्यावर जेमतेम दोन ओळी. उरणकडे कंटेनर चालवणारा माणूस, कंबर गेलेली, ट्रॅमाडॉल या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाच्या दोन गोळ्यांच्या दहा कधी झाल्या त्याचं त्यालाच कळलं नाही. तो दारुडा नाही हो. त्याला पहिली गोळी कुठल्यातरी डॉक्टरनेच लिहून दिली होती. तुमच्या मुलीच्या डोक्यातून तेच जात नसावं, असा माझा अंदाज.

शिक्षण वाया जाईल ही भीती सोडा. ब्युप्रेनॉर्फिनचंच घ्या. ०.२ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली की दुखणं कमी होतं. तेच औषध २ मिलिग्रॅमच्या गोळीत, सोबत गैरवापर रोखणारं नॅलोक्सोन घालून, हेरॉइनची सवय सोडवायला देतात. दारू एकदम बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात बरळतो, कधी जिवावर बेततं. त्या रात्री खाटेशी असा माणूस हवा ज्याला श्वास बिघडायच्या आधी कळतो. भूलतज्ज्ञाची नोकरीच ती.

खरी अडचण वेगळी आहे. अमेरिकेत २०१६ पासून ॲडिक्शन मेडिसिन ही मान्यताप्राप्त उपशाखा आहे आणि इतर शाखांच्या डॉक्टरांनाही तिथे जाता येतं. आपल्याकडे दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स अशा संस्थांमधला ॲडिक्शन सायकियाट्रीचा डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, मानसोपचारात एमडी केलेल्यांसाठी. भूलशास्त्राच्या एमडीवर तो मिळत नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारातच धरले आहेत. म्हणजे स्वतःचं केंद्र काढायचं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आली. तुमची मुलगी या क्षेत्रात मानसोपचारतज्ज्ञाच्या जोडीनेच काम करेल, त्यांना वगळून नाही. सात वर्षं स्वतःच्या केबिनमध्ये बसलेल्याला हे जड जातं. तिला हे चालणार आहे का, ते विचारा.

पैसे कमी होतील, हे मान्यच करा. नर्व्ह ब्लॉकचे (नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचे), मणक्यातल्या इंजेक्शनचे प्रोसिजरप्रमाणे मिळतात. पाऊण तास ऐकून घेतल्याची फी कन्सल्टेशनचीच.

म्हणून राजीनामा नको. आठवड्यातली एक दुपार, समजा गुरुवारची, तिने एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या व्यसनमुक्ती ओपीडीत नुसतं बसून काढावी. सहा महिने. बरा होऊन गेलेला माणूस तिसऱ्यांदा पिऊन परत येतो, बायको दारात उभी राहून रडते, तेव्हा तिला काय वाटतं ते तिथेच कळेल. पेन क्लिनिकमध्ये ब्लॉक दिला की माणूस त्याच दिवशी हसत जातो. इथे तसं काही होत नाही. दरम्यान स्वतःच्या क्लिनिकमध्ये गोळ्यांत अडकलेल्यांसाठी वेगळी वेळ ठेवता येईल.

राहता राहिले नातेवाईक. ‘ठाण्याला पाठवा याला’ ही थट्टा ठाण्यात राहून तुम्ही जन्मभर ऐकली असेल. १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय अजून लोकांना विनोदच वाटतं, तेव्हा मुलीच्या वाट्यालाही चार शब्द येणार. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. एकदा तिथे जाऊन या, लेकीला घेऊन. तिथे कामाला असलेल्यांत कधीकाळचे पेशंटही आहेत. त्यांच्याशी बोलताना तो चार वेळा लिहिलेला शब्द तोंडून निघतो का बघा.

आणि हो, ती ३८ वर्षांची आहे. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.