मॉरिसचं इंजिन: आधी सामान, मग बोअर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दादरला सोसायटीच्या आवारात उभी असलेली आजोबांची १९५९ ची मॉरिस मायनर १०००. सुरू केली की निळा धूर येतो, आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो. मिस्त्री म्हणतो, ‘फुल इंजिन बना डालेंगे’, सोमवारी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ज्यात सिलिंडर असतात) बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायला, पाठवतो. आणि नातेवाईकांपैकी कुणी सुचवलंय की अँबेसेडरचं इंजिन टाका आणि मोकळे व्हा.

सोमवारी ब्लॉक पाठवू नका. एवढं जरी ऐकलंत तरी पुरे, बाकीचं सावकाश वाचा.

मुंबईत जुन्या विलायती गाड्यांची इंजिनं बिघडतात ती बहुतेकदा चुकीच्या क्रमामुळे. इंजिन खोललं, ब्लॉक लेथवाल्याकडे गेला, त्याने सवयीने ‘साफ होईपर्यंत’ बोअर मारला, आणि मग पिस्टन शोधायला माणूस ऑपेरा हाउसला निघाला. तिथे त्या साइजचा पिस्टन नसतो. मग जे मिळेल ते बसवण्यासाठी पुन्हा कापायचं. लोखंड एकदा कापलं की परत येत नाही. क्रम उलटा हवा: मोजा, सामान मागवा, सामान हातात घ्या, त्या सामानाच्या मापाने कापा.

त्याआधी, इंजिन खोलायची खरंच गरज आहे का ते बघा. धूर कधी येतो? गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला, किंवा उतारावर पाय उचलून परत दाबल्यावर भपकन येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) आणि त्यांच्या सीलवर. वेग घेताना सतत येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या दाबाचा आकडा) घ्या, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चांगलाच वर चढला तर रिंगा आणि बोअर गेलेत. फारसा हलला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि ब्लॉकमधल्या गॅसकेटमधून आहे.

ऑइलच्या दिव्याचं म्हणाल तर मायनर १००० ला प्रेशरचा गेज कंपनीने दिलेलाच नाही, फक्त दिवा. दिव्याचा स्विच काढून तिथे तात्पुरता गेज लावा. गरम इंजिनावर चालताना दर चौरस इंचाला ६० पौंडांच्या आसपास आणि आयडलिंगला १५ च्या आसपास, हे या इंजिनाचं निरोगी माप. कमी दिसलं तरी लगेच क्रँकला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) दोष देऊ नका. ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे घुमटासारखा नट आहे, त्याच्याखाली जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग. तिथे कचरा अडकला किंवा स्प्रिंग मेली तरी दिवा लुकलुकतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते सुचवून कुणाचंच बिल होत नाही.

हे सगळं करूनही खोलायचं ठरलं, तर आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे याची खात्री करा. उजव्या बाजूला डायनॅमोच्या वर ब्लॉकवर रिव्हेट केलेली पट्टी असते. नंबर ‘९एम’ने सुरू होत असेल तर ते मूळचं ९४८ सीसी इंजिन. ‘१०एमए’ असेल तर मागे कुणीतरी नंतरचं १०९८ सीसी बसवलेलं आहे, आणि मग सामानाची यादीच बदलते. ९४८ चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६२.९ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७६.२ मिमी, १०९८ चा ६४.५८ आणि ८३.७२. ९४८ मध्ये गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) कनेक्टिंग रॉडमध्ये बोल्टने आवळलेली असते. १०९८ मध्ये ती मोकळी फिरते आणि सर्क्लिपवर राहते. म्हणजे एकाचे पिस्टन दुसऱ्याला चालत नाहीत.

इथे बाजारातला एक सापळा सांगतो. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं इंजिनही ९४८ सीसीचंच, बोअर ६३ आणि स्ट्रोक ७६ मिमी. दुकानात तुम्ही ‘९४८ का पिस्टन’ म्हणालात की समोर हेराल्डचा डबा येऊ शकतो. जुना, मेणकागदात गुंडाळलेला, बघून मन मोहरून जाईल असा. पण ते स्टँडर्ड-ट्रायम्फचं वेगळंच इंजिन आहे, त्याचा मॉरिसशी काही संबंध नाही. दुसरा गोंधळ अँबेसेडरचा. ‘अँबी म्हणजे मॉरिसच की’ हे अर्धसत्य आहे. अँबी आली मॉरिस ऑक्सफर्डवरून, आणि तिचं जुनं १४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं. तुमचं ए-सिरीजचं. एमजीए १५०० (बी-सिरीजवरच चालणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) वाल्याने अँबीच्या सामानात हात घातला तर काही ना काही लागतं, कारण ब्लॉकचं कूळ एकच. तुम्हाला त्यातलं इंजिनाच्या आतलं काहीही लागणार नाही.

दिलासा एवढाच की ए-सिरीज हे अनाथ इंजिन नाही. १९५१ च्या ऑस्टिन ए३० मध्ये ते आलं, पुढे मिनीमध्ये गेलं, आणि मायनर स्वतः १९४८ ते १९७१ मध्ये सोळा लाखांच्या वर बनल्या. त्यामुळे इंग्लंडमध्ये पिस्टन, शेल (क्रँकभोवतीच्या बेअरिंगची पातळ पट्टी), गॅसकेट, टायमिंग चेन, सगळं आजही नवीन बनतं आणि कुरियरने घरी येतं. कस्टम्सचा खर्च धरूनच हिशेब करा. एकेक वस्तू मागवण्यापेक्षा मापं पक्की झाल्यावर एकदाच मागवलेलं बरं.

आता मापं. तुमचं इंजिन पासष्ट वर्षांत कधीच खोललं गेलं नसेल असं समजू नका. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन हलक्या हाताने काढा, ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) असेल तर तिथे आकडा कोरलेला सापडेल. बेअरिंग शेलच्या पाठीवरही असतो. आपल्याकडचे कारागीर दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ म्हणतात तेच हे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वीस थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. शेलच्या पाठीवर ०२० असेल तर क्रँक आधीच एकदा ग्राइंड झालाय, पुढची पायरी तीसची. पिस्टनवर ०४० असेल आणि बोअर पुन्हा झिजला असेल तर सहसा कापायला जागा उरत नाही. मग स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये नवी नळी, टाकून पुन्हा स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर, यायचं. स्लीव्हला नाक मुरडू नका. नीट बसवलेली स्लीव्ह हा त्याच ब्लॉकचा नवा जन्म आहे.

बोअर प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा मोजायचा. वरच्या रिंगेच्या पट्ट्यात झीज सर्वात जास्त असते. बोअर गेजऐवजी बोट फिरवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडून इंजिन परत आणा. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने, दोन दिशांनी, म्हणजे अंडाकृती झालेत का ते कळतं. ९४८ चे मेन जर्नल (ब्लॉकमध्ये फिरणारे) स्टँडर्डला १.७५ इंच आणि बिगएंड (रॉडच्या खालच्या टोकात फिरणारे) १.६२५ इंचाच्या किंचित वर असतात. ग्राइंडिंगला देताना एकच गोष्ट ठासून सांगा: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायची. कोपरा काटकोनात कापला तर क्रँक तिथूनच तुटतो.

नवे पिस्टन आले की ब्लॉकबरोबर तेही लेथवाल्याला द्या. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर) मोजायचा, बनवणाऱ्याने सांगितलेला क्लिअरन्स (मोकळी फट) मिळवायचा, आणि त्या सिलिंडरचा बोअर त्या पिस्टनसाठी मारायचा. रिंगेचं गॅप बोअरमध्ये घालून तपासा, सात ते बारा थाऊ.

हेडचं काम वेगळं. २००० साली शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडून गेलं. जुन्या कास्ट आयर्न हेडमध्ये एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या कडा) थेट लोखंडातच कापलेल्या असतात, आणि शिशाचं अस्तर गेल्यावर त्या हळूहळू खचतात. टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागामधली फट) सारखा सारखा कमी होत असेल तर हेच कारण. हेड उतरलंच आहे तर एग्झॉस्टच्या चारही सीटा कडक धातूच्या बसवून घ्या आणि गाइडाही बदला. त्याआधी हेडला तडा आहे का ते तपासायला लावा, विशेषतः व्हॉल्व्हच्या सीटांच्या मधल्या भागात. तडा गेलेल्या हेडवर सीटांचा खर्च करणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं.

हेड वर चढवण्याआधी वॉटर पंप आणि हेडच्या मधला तो बोटभर बायपास होज नवा घाला. इंजिन जोडल्यावर तो बदलायला पंप तरी उतरवावा लागतो किंवा हेड तरी. सायनच्या सिग्नलला तो फुटला की मग आठवण होते.

धुण्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथेच सगळे घाई करतात. लेथवरून आलेला ब्लॉक चकाचक दिसतो, पण होनिंगची (बोअर घासून गुळगुळीत करण्याची) बारीक पूड लोखंडाच्या छिद्रांत बसलेली असते. रॉकेल किंवा डिझेलने ती निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आत लांब ब्रश घाला, क्रँकमधली भोकंही. कोअर प्लग (पाण्याच्या जॅकेटची भोकं बुजवणारी पत्र्याची झाकणं) सगळे काढा. पाण्याच्या जॅकेटमध्ये चौथ्या सिलिंडरच्या मागे पन्नास-साठ वर्षांचा गंजाचा चिखल बसलेला असतो, तो तारेने खरवडूनच निघतो. ‘गाडी गरम होते’ म्हणून रेडिएटर बदलत बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा रोग या चिखलात असतो. नंतर नळाचं पाणी नको, कूलंट घाला.

धुऊन झालं की हवेने सुकवा आणि त्याच मिनिटाला ऑइल फासा. आपली हवा ठाऊक आहेच. पावसाळ्यात उघडा बोअर रात्रभर तसाच राहिला तर सकाळी तांबूस झालेला दिसेल. ऑइल लावून जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा, आणि शक्यतो हे काम दिवाळीनंतर काढा.

जुळणीत मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. कनेक्टिंग रॉडची टोपी तिच्याच रॉडला, त्याच दिशेने. खोलतानाच नंबर पंच करून घ्या. या इंजिनात बिगएंड तिरके कापलेले आहेत आणि रॉडला ऑफसेट आहे, त्यामुळे एक नंबरचा रॉड दोनमध्ये गेला तर चालत नाही. मधल्या मेन बेअरिंगच्या थ्रस्ट वॉशरवरच्या खाचा क्रँककडे हव्यात. उलटे बसवले तर सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि मग काही हजार किलोमीटरमध्ये क्रँक पुढेमागे हलायला लागतो. टायमिंगच्या दोन्ही गिअरवरचे ठिपके समोरासमोर. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा पाना) नसलेल्या गॅरेजमध्ये हे इंजिन जोडू नका: मेन ६० फूट-पौंड, बिगएंड ३५, हेडचे नट ४०, आणि हेड मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने. टॅपेट थंड इंजिनावर बारा थाऊ.

सगळं नीट करूनही मागून थोडं ऑइल टपकेल. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच, ऑइल परत आत ओढणारा आट्यांसारखा स्क्रोल आहे. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात स्प्लिट पिन लोंबकळताना दिसेल. ते भोक मुद्दाम ठेवलंय, एम-सील लावून बुजवू देऊ नका, नाहीतर ते ऑइल क्लचवर जाईल. सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी खाली पत्र्याचा ट्रे ठेवा.

अँबीच्या इंजिनाला माझा विरोध फक्त भावनेपोटी नाही. जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. आजोबांचा ‘९एम’ ब्लॉक स्लीव्ह टाकून वाचवलात तर तुम्ही त्या चौकटीत राहता. मात्र व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे घरात आधीच बोलून घ्या.

पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. जुने रबरी पाइप आणि एसयू कंपनीच्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा पडदा इथेनॉलला टिकत नाहीत. इंजिनाबरोबर तेही बदला, इथेनॉलला चालणारे बघून.

पहिल्या स्टार्टआधी चारही प्लग काढून सेल्फने फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. बॅटरी जोडताना जपून, मूळ मायनरमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला जातो. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलिंगला सोडू नका. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. मग रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवे. वेग कमीजास्त करत, साठच्या आत, गिअर ओढत न नेता. घाट सध्या नको.

तोवर मला एवढं कळवा: चारही सिलिंडरचं कोरडं आणि ओलं कॉम्प्रेशन, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर, आणि इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर कशाने सुरू होतो. खोललंच तर पिस्टनचा माथा आणि शेलच्या पाठीचा फोटो. त्यावरून पिस्टन कुठल्या साइजचे मागवायचे ते सांगतो.