तीन दिवसांचं न्यूयॉर्क: आधी यादी कापा, मग तिकिटं काढा

प्रश्न: ताई, नमस्कार. लग्नाला दीड वर्ष झालं, आम्ही ओहायोतल्या एका छोट्या गावात राहतो. मेच्या अखेरच्या लाँग वीकेंडला पहिल्यांदाच न्यूयॉर्कला निघालोय. शुक्रवारी संध्याकाळी लाग्वार्डिया विमानतळावर उतरायचं, सोमवारी रात्री परत. नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे: तीन दिवस, बावीस ठिकाणं, प्रत्येकाला मिनिटं वाटून दिलेली. मला ती वाचूनच दमायला होतं. मला बागेत निवांत बसायचंय. पण एवढा खर्च करून चारच गोष्टी बघून यायचं, हेही मनाला पटत नाही. सांगलीला सगळे फोटोंची वाट बघतायत. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर: नवऱ्याच्या यादीला नावं ठेवू नकोस. लाँग वीकेंडला न्यूयॉर्कमध्ये आयत्या वेळी ठरवणाऱ्यांचे जास्त हाल होतात. पण त्या बावीसातली निम्म्याहून अधिक नावं खोडायला हवीत आणि ती तुम्ही दोघांनी मिळून खोडायला हवीत. आज रात्री जेवणं झाली की बसा. प्रत्येकाने आपली दोनच ठिकाणं सांगायची, जी राहिली तर खरंच हळहळ वाटेल अशी. ती चार पक्की. तुझी बाग त्यात आलीच पाहिजे, ती 'वेळ उरला तर' या रकान्यात ढकलू देऊ नकोस. बाकीचं वाटेत येईल तेवढंच.

हे का म्हणते, ते नकाशा उघडलास की कळेल. मॅनहॅटन हे उभं, चिंचोळं बेट आहे, सुमारे १३ मैल लांब. १८११ साली आखलेल्या आराखड्यामुळे बहुतेक भागात रस्ते सरळ आहेत. आडव्या त्या स्ट्रीट, उभ्या त्या ॲव्हेन्यू, आणि उत्तरेकडे जाऊ तसे स्ट्रीटचे आकडे वाढत जातात. उत्तर-दक्षिण वीस ब्लॉक चाललं की साधारण एक मैल होतो. दोन ॲव्हेन्यूंमधलं अंतर मात्र बरंच जास्त असतं, त्यामुळे नकाशावर 'इथेच तर आहे' वाटणारी जागा पायांना लांब पडते. नव्या माणसाचा दिवस असा वर-खाली करण्यातच जातो. सकाळी दक्षिण टोकाला, दुपारी म्युझियमला, संध्याकाळी परत खाली, असं चालू झालं की रात्री पाय बोलायला लागतात आणि मग दोघंही एकमेकांवर चिडतात. म्हणून एका दिवशी शहराचा एकच भाग धरा.

गाडीने जायचा विचार असेल तर तो सोडा. पार्किंग महाग आहेच, शिवाय जानेवारी २०२५ पासून ६० व्या स्ट्रीटच्या खालच्या मॅनहॅटनमध्ये गाडी नेली की वेगळा आकार पडतो. मुक्काम मॅनहॅटनमध्येच हवा असंही नाही. शहराच्याच क्वीन्स या भागातलं लाँग आयलंड सिटी बघ. तिथल्या कोर्ट स्क्वेअर स्टेशनवर सबवेच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, ई आणि ७ अशा दोन्ही गाड्या थांबतात आणि तिथून मॅनहॅटन पाच-दहा मिनिटांवर आहे. हॉटेलचा दर बघताना शेवटच्या पानापर्यंत जा. कर आणि 'डेस्टिनेशन फी' नावाची रोजची रक्कम तिथे निघते आणि स्वस्त वाटलेलं हॉटेल महाग ठरतं.

शुक्रवारी विमानतळावरून टॅक्सी करू नका. लाग्वार्डियाहून क्यू-७० ही बस सुटते, तिला तिकीट लागत नाही. ती थेट जॅक्सन हाइट्सला, रूझवेल्ट ॲव्हेन्यू स्टेशनपाशी सोडते. बाहेर पडलं की समोर ७४ वा स्ट्रीट: साड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, मिठाई, चाटच्या गाड्या, मोमो. बॅगा हातात असल्या तरी तिथेच जेवून घ्या. ओहायोतल्या लहान गावातून आलेल्या मुलीला ती गल्ली काय वाटेल हे मी सांगायला नको. मग त्याच स्टेशनातून ई गाडी पकडली की कोर्ट स्क्वेअर फार लांब नाही.

सबवेसाठी वेगळं कार्ड घेत बसू नका. तुमचं रोजचं टॅप होणारं क्रेडिट कार्ड फाटकावर लावलं की पुरे. फक्त दोघांनी आपापलं वेगळं कार्ड वापरायचं आणि शेवटपर्यंत तेच. सात दिवसांत एका कार्डावर ठरावीक भाडं भरून झालं की पुढचा प्रवास फुकट होतो. दोघांचं एकाच कार्डावर केलंत तर तो हिशोब बिघडतो. बऱ्याच छोट्या स्टेशनांवर अपटाउनचं (उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांचं) आणि डाउनटाउनचं (दक्षिणेकडच्या गाड्यांचं) दार रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना असतं, चुकीच्या दारातून आत गेलात तर नव्याने भाडं भरावं लागतं. पाटी वाचून मगच जिना उतरा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, गाड्या वेगळ्याच मार्गाने जातात. सकाळी निघताना सबवेचं ॲप बघायचं काम एकाकडे सोपवून टाका.

शनिवार दक्षिण टोकाला द्या. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दोन तऱ्हांनी बघता येतो. फक्त बघायचा आणि फोटो काढायचा असेल तर स्टेटन आयलंडला जाणारी फेरी बोट फुकट आहे. जाताना उजव्या बाजूला उभं राहायचं. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांना उतरवतात, पुन्हा रांगेने चढून परत यायचं. तासा-दीड तासात काम होतं. पायथ्याशी जायचं असेल तर बॅटरी पार्कातून सुटणाऱ्या अधिकृत बोटीचं तिकीट आजच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली बोट घ्या. विमानतळासारखी तपासणी असते, उशीर केलात तर उन्हात रांग लागते. पार्काच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र अडकवून तिकिटं विकणारे लोक भेटतील. त्यांच्याशी बोलायलाही थांबू नका. खिडकीचं तिकीटघर आत, कॅसल क्लिंटन या गोल किल्ल्यात आहे.

त्याच तिकिटात एलिस आयलंड येतं, आणि माझं मत विचारशील तर मुकुटापर्यंत जिने चढण्यापेक्षा तिथे वेळ घालवा. १८९२ ते १९५४ या काळात १ कोटी २० लाखांहून अधिक माणसं या बेटावरून अमेरिकेत शिरली. तो नोंदणीचा मोठा हॉल, वैद्यकीय तपासणीच्या खोल्या, लोकांनी बरोबर आणलेल्या ट्रंका आणि बोचकी आजही बघायला मिळतात. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तिथे जे कळतं, ते इथे जन्मलेल्याला कळेलच असं नाही.

परत आल्यावर ९/११ स्मारक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाहेरचे दोन जलाशय आणि कठड्यावर कोरलेली नावं बघायला पैसे पडत नाहीत. आतलं म्युझियम मनावर फार येतं; पहिल्या सहलीत ते ठेवू नका असं मी सांगेन.

मग दोन तास कुठेतरी बसा, खा, पाय मोकळे करा. कारण संध्याकाळी ब्रुकलिन ब्रिज आहे आणि तो दमलेल्या पायांनी बघायचा नाही. फुल्टन स्ट्रीटवरून ए किंवा सी गाडीने एकच स्टेशन पलीकडे, हाय स्ट्रीटला जा आणि ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे चालत या. उलटं गेलात तर सगळं शहर पाठीमागे राहतं. पूल एक मैलाहून थोडा जास्त आहे. वाटेतल्या दगडी कमानीपाशी थांबा आणि वर जाणाऱ्या तारा बघा. हा पूल जॉन रोबलिंगने आखला, पण काम सुरू होण्याआधीच १८६९ मध्ये तो गेला. मुलगा वॉशिंग्टनने सूत्रं हाती घेतली, आणि नदीखालच्या पायाच्या कामात दाबाखालच्या हवेने त्याला कायमचं आजारी पाडलं. पुढची दहाहून अधिक वर्षं त्याची बायको एमिली हिने सांभाळली. ती गणित शिकली, तारांचं शास्त्र शिकली, रोज पुलावर जाऊन नवऱ्याच्या सूचना इंजिनिअरांना समजावत राहिली. पूल खुला झाला २४ मे १८८३ रोजी. आणि त्याच वर्षी जून महिन्यात अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी, नवऱ्याला मागे ठेवून, याच बंदरात बोटीतून उतरल्या. त्यांनी पाहिलेल्या न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवी अजून उभी राहिलेली नव्हती. तिचं अनावरण झालं ऑक्टोबर १८८६ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या होत्या. सांगलीच्या ग्रुपवर पुलाचा फोटो टाकशील तेव्हा खाली हेही लिही. आजी-आजोबांना उंच इमारतींपेक्षा हे आवडेल.

रविवारी उशिरा उठा. हा तुझ्या बागेचा दिवस. आधी नवऱ्याला आवडत असेल तर १ नंबरच्या गाडीने ११६ व्या स्ट्रीटला, कोलंबिया विद्यापीठापाशी उतरा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये इथे शिकायला आले आणि १९१६ पर्यंत राहिले. अलीकडे कॅम्पसची दारं बाहेरच्यांसाठी नेहमी उघडी नसतात, तेव्हा आत जाता येतं का ते आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथून एम-४ बस पार्काला वळसा घालून फिफ्थ ॲव्हेन्यूने खाली येते आणि मेट (मेट्रोपॉलिटन) या कलेच्या म्युझियमपाशी सोडते.

मेट पूर्ण बघायचा हट्ट धरला की भांडण ठरलेलं. ते आठवड्यातही संपत नाही. दोन दालनं निवडा. मी इजिप्तहून दगड न् दगड आणून उभं केलेलं डेंडूरचं मंदिर आणि भारतातल्या शिल्पांचं दालन निवडेन. 'तुम्हाला वाटेल ते द्या' ही सोय फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना आणि जवळच्या काही विद्यार्थ्यांना आहे, तुम्हाला पूर्ण तिकीट पडेल. बाहेर आलात की मागे सेंट्रल पार्कच. ८४३ एकर आहे, सगळं फिरायचं नाही. बेथेस्डा कारंज्यापर्यंत या, चादर अंथरा, डबा उघडा.

डबा न्यायचाच. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी विमानात बरोबर नेता येते. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत नको, तपासणीत काढून घेतील. तुम्ही शाकाहारी असाल तर बाहेर पिझ्झाचा एक स्लाइस किंवा फलाफल कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. अंडं चालत नसेल तर 'व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नका, अंडं नको हे वेगळं सांगा. स्वच्छतागृहाची अडचण मात्र खरी आहे, विशेषतः बायकांची. म्युझियममधून निघताना, ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनात, मेसीज या मोठ्या दुकानात जाऊन यायचं, गरज नसली तरी. ४२ व्या स्ट्रीटवर लायब्ररीमागच्या ब्रायंट पार्कातलं स्वच्छतागृह इतकं नीटनेटकं असतं की आत ताजी फुलं ठेवलेली दिसतात.

उंचावरून शहर एकदाच बघा, दोन-दोन इमारतींची तिकिटं काढू नका. मी रॉकफेलर सेंटरची गच्ची सुचवेन, कारण तिथून समोर एम्पायर स्टेट दिसते. एम्पायर स्टेटवर चढलात तर नेमकी तीच दिसत नाही. मेच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो, तो वेळ महाग असतो आणि लवकर संपतो. त्याच दिवसांत एक-दोन संध्याकाळी सूर्य बरोबर आडव्या रस्त्यांच्या रेषेत बुडतो. तुमच्या तारखा जुळल्या तर गच्चीऐवजी ४२ व्या स्ट्रीटवर उभे राहा, काही खर्च नाही. टाइम्स स्क्वेअरला रात्री अर्धा तास पुरतो. वेगवेगळे पोशाख घातलेले लोक फोटोला जवळ येतात आणि नंतर पैसे मागतात, कोणी हातात माळ ठेवतं. हात मागे ठेवा, मान हलवा आणि पुढे चला. नाटक बघायचं असेल तर तिथल्या लाल पायऱ्यांखाली त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात. सोमवारी बरीच नाटकं बंद असतात, म्हणून ते शनिवार-रविवारीच.

सोमवारी सामान हॉटेलात ठेवून ७ गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत, फ्लशिंगला जा. तिथे बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, १९७७ मध्ये प्राणप्रतिष्ठा झालेलं. दर्शन घेऊन तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खा. परत येऊन बॅगा घ्या, विमानतळ तिथून जवळच आहे.

आनंदीबाईंच्या अस्थी पोकिप्सी गावातल्या दफनभूमीत आहेत. ग्रँड सेंट्रलहून हडसन नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या गाडीने तिथे जायला सुमारे दोन तास लागतात. तुमच्या या सोमवारात ते बसत नाही. कोंबू नका, शरद ऋतूत पानं रंगली की पुन्हा या, तेव्हा डावीकडच्या खिडकीशी बसून जा.

आणि दोघांचे पासपोर्ट आणि आय-९४ च्या (अमेरिकेत आल्याच्या नोंदीच्या) प्रती हातातल्याच बॅगेत ठेवा. हॉटेल आणि बोट या दोन गोष्टी या आठवड्यातच पक्क्या करा, बाकीचं एक्सेल मग.