वाचकांचे प्रश्न : स्केच की फिग्मा?

प्रश्न : आमच्या सहा जणांच्या डिझाइन चमूत दोघांकडे मॅक, तर चौघांकडे विंडोज संगणक आहेत. इंटरफेस डिझाइनसाठी, म्हणजे अ‍ॅप आणि संकेतस्थळांचे पडदे आखण्यासाठी, स्केच हे सॉफ्टवेअर घ्यावे की फिग्मा?

उत्तर : स्केचमधील संपादन मॅकवरच होते, त्यामुळे उरलेल्या चौघांना आराखडा नुसता पाहत बसावे लागेल. फिग्मा ब्राउझरमध्ये चालते आणि एकाच फाइलवर सर्वांना एकाच वेळी काम करता येते, म्हणून माझा कौल फिग्मालाच आहे. फायली बाहेर जाऊ नयेत अशी ग्राहकाची अट असेल, तर पेनपॉट हे याच कामाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. अडोबी एक्सडी या अशाच सॉफ्टवेअरचा विकास २०२३ मध्येच थांबल्याने ते नव्याने घेऊ नये. वर्गणी भरण्यापूर्वी मात्र एका बटणावर ‘नोंदणी पूर्ण करा’ असे लिहून, रफार, वेलांटी आणि उकार कुठे कापले जात नाहीत ना, हे मोबाइलवर अवश्य पाहावे.