डॉक्टर, लोकलची गर्दी आणि कॅनव्हास

मागच्या अंकात सुधीर पटवर्धनांच्या चित्रांवर अर्धं पान काय लिहिलं, प्रश्नांचा पाऊसच पडला. त्यातले काही घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (ठाणे) : हे आमच्या ठाण्यातले एक्स-रेवाले डॉक्टर पटवर्धन तेच का? मग चित्रकला शिकले कधी?

तेच हो! जन्म पुण्यातला, १९४९ चा. १९७२ ला पुण्याच्याच एएफएमसीतून, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजातून, डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईत आले आणि मग १९७५ ते २००५ अशी तब्बल तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. आर्ट स्कूलची डिग्री वगैरे काही नाही, चित्रं काढत काढत स्वतःच शिकले. पहिलं सोलो प्रदर्शन १९७९ मध्ये, दिल्लीत, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या आर्ट हेरिटेज गॅलरीत. आता एक्स-रे बघायचे म्हणून माणसाच्या आतलं दिसायचं असं लोक लगेच म्हणतात, मला ते जरा फिल्मी वाटतं. माझ्या मते खरा फायदा वेगळाच झाला, एकतर घर प्रॅक्टिसवर चालत होतं त्यामुळे दिवाणखान्यात शोभेल असं चित्र काढायची सक्ती नव्हती, आणि दुसरं म्हणजे रोज समोर माणसं, दुखणं घेऊन आलेली, शर्ट काढून उभी राहिलेली.

प्रश्न (डोंबिवली) : त्यांची माणसं इतकी राकट आणि गंभीर का? कुणी हसतच नाही.

तुम्ही डोंबिवलीचे ना, मग सकाळच्या लोकलमध्ये किती जण हसताना दिसतात ते तुम्हीच सांगा! त्यांचं 'ट्रेन' (१९८०) बघा किंवा त्याआधीचं 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७). त्या माणसांना वजन आहे, ती जागा अडवून बसतात, बिच्चारी वगैरे दिसत नाहीत. पटवर्धन तेव्हा डाव्या विचारांचे, आणि ज्यांचं चित्र काढतोय त्यांना त्यात स्वतःची ओळख पटावी अशी त्यांची इच्छा होती. पण काढणारा डॉक्टर, मध्यमवर्गीय, आणि समोरचा कामगार, हे अंतर त्यांना टोचत राहिलं आणि मला वाटतं त्या टोचणीनेच चित्रं खोटी झाली नाहीत. पुढे गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले, ते 'लोअर परळ' (२००१) मध्ये आहे. नंतर नंतर तर ते घराच्या आतही शिरले, म्हातारपण, कुटुंब, आपल्यासारखीच माणसं. ही चित्रं मला जास्त अस्वस्थ करतात, कारण इथे आपण लांबून बघणारे राहत नाही.

प्रश्न (कला शाखेची विद्यार्थिनी, नाशिक) : माणसं काढणं आता जुनं झालं असं आमचे सर म्हणतात. खरंय का?

अगं, हे ऐकवणारे तेव्हाही होते. अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा, म्हणजे ओळखीचे आकार नसलेल्या अमूर्त चित्रांचा, जोर होता आणि त्यात १९८१ ला सहा जणांनी 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत केलं : भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि आपले पटवर्धन. कॅटलॉगमधला लेख कला समीक्षक गीता कपूर यांचा. त्या लोकांनी पुढे काय केलं ते तुझ्या सिलॅबसमध्येच असेल, सरांना विचार. आणि स्केचबुक घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बस, फक्त गरिबी छान दिसते म्हणून काढू नकोस.

प्रश्न (सोलापूर) : ही चित्रं बघायची कुठे? आमच्याकडे तर गॅलरीच नाही.

हेच पटवर्धनांनाही खटकलं होतं, म्हणून 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन क्युरेट करून, म्हणजे चित्रं निवडून आणि मांडून, त्यांनी ते महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरवलं. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) नॅन्सी अदजानिया यांनी त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन क्युरेट केलं, ते हुकलं असेल तर वाईट वाटून घ्या, मला तरी वाटलं असतं. एनजीएमएच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत पण तिथली मांडणी बदलत असते, तेव्हा फोन करूनच जा. मोबाईलवर बघून समाधान मानू नका, 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४) सात पॅनलचं आहे, स्क्रीनवर त्याची नुसती पट्टी होते.