पायातली चप्पल, गळ्यातली माळ

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ६१. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दिवाळीपासून तळपायांना मुंग्या येतात. परवा एका पायातली चप्पल निसटली, ते पार कोपऱ्यावर गेल्यावर कळलं. शेजारीण म्हणते बी-१२ तपासा. पण हिमोग्लोबिन १२.६ आहे, पालेभाजी रोज असते, दुकानातून आणलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळीही घेते. मग कमतरता येईल कुठून? शिवाय गळ्यात माळ आहे, वारी चुकवत नाही. बी-१२चं इंजेक्शन कलेजीपासून करतात म्हणे, खरं का?
ता. क. तोंडाला साबण लावला की हल्ली बेसिन धरावं लागतं. वयामुळे असेल.
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं सगळं पत्र एकीकडे आणि ता. क.ची ओळ एकीकडे. आपले पाय कुठे आहेत हे मेंदूला डोळ्यांवाचूनही कळत असतं. ती खबर नेणाऱ्या नसांवरचं वेष्टण टिकवायला बी-१२ लागतं. ते झिजलं की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो, आणि साबणाने डोळे मिटले की डुलतो. दवाखान्यात आम्ही हेच करून बघतो : पाय जुळवा, डोळे मिटा. मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेतला नादकाटा, वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवतो. ‘थरथर कळते का?’ विचारलं की पेशंट बिचारा ‘गार लागतंय’ म्हणतो. थरथर हरवलेली असते.

मधुमेहानेही पाय बधिर होतात, म्हणून आधी तपासणी. पण तुमच्याकडे कारणं दोन-दोन आहेत. बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात, भाजीपाल्यात ते नसतं. शाकाहाऱ्याला मिळतं ते दूध-दह्यातून, आणि आपल्याकडे ‘दूध घेते’ म्हणजे पुष्कळदा चहात घातलेले दोन चमचे. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून ते कमी शोषलं जातं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून खड्डा पडलेला उशिरा कळतो. माझंच सांगते. मीही शाकाहारी. वर्षभर जिना चढताना दम लागायचा, तो मी वयाच्या खात्यावर टाकत होते. पेशंट असती तर पहिल्याच दिवशी रक्त काढायला पाठवली असती!

हिमोग्लोबिनवर विसंबू नका. पालेभाजीत आणि बहुधा तुमच्या त्या गोळीतही फॉलिक ॲसिड असतं. ते रक्ताची बाजू सावरून धरतं, नसांची झीज मात्र चालूच राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा बरीच वर्षं अभ्यास केला. तिथेही हीच जोडी निघाली : फॉलिक ॲसिड पुरेसं, बी-१२ कमी.

आता माळ. कलेजीचं तुम्ही ऐकलंत ते एके काळी खरं होतं. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या रुग्णांना रोज कलेजी खाऊ घालून वाचवलं आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. पुढे कलेजीच्या अर्काची इंजेक्शनंही निघाली. १९४८ मध्ये त्यातलं नेमकं द्रव्य, म्हणजे बी-१२, वेगळं काढता आलं. आज ते मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून करतात, इडलीचं पीठ आंबवावं तसं. तेव्हा इंजेक्शन बिनघोर घ्या. कॅप्सूलचं कवच मात्र बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरापासूनचं असतं. पुढे गोळ्या लिहून दिल्या तर कॅप्सूल नको म्हणून सांगा. आणि स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या डब्यावर पैसे घालवू नका, त्यातलं बी-१२ आपल्या शरीराच्या बहुतांशी उपयोगाचं नसतं.

क्रम तेवढा पाळा : आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. आधीच टोचून घेतलंत तर आकडा फुगलेला येतो आणि काहीच कळत नाही. पण तपासणीला आठवडाही लावू नका, नसांचं नुकसान जुनं झालं तर पुरतं भरून येत नाही. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आणि तोवर बेसिनपाशी स्टूल ठेवा, तोंड बसून धुवा.