वाचकांचे प्रश्न : ‘ओके’, ‘नोटेड’ आणि नुसता अंगठा

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची ८४ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. मी तिची सेक्रेटरी आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही मीच आहे. कोणतीही सूचना टाकली की ‘ओके’, ‘नोटेड’, ‘हो’, जोडलेले हात, अंगठा अशी उत्तरांची रांग लागते आणि संध्याकाळी कामावरून परतलेल्या सभासदाला टाकी कधी धुणार एवढे शोधायलाही बराच वेळ जातो. पाच शब्दांपेक्षा लहान उत्तर ॲडमिनने सरळ काढून टाकावे, असे कमिटीतील एका सदस्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्यांना वाटते की अशाने लोक बोलणेच सोडतील. शिवाय रंगकामाच्या खर्चावर मत विचारले असता बहुतेकांनी नुसता अंगठा दाखवला. तो होकार धरावा काय?
— एक सेक्रेटरी, मुलुंड

उत्तर : पाच शब्दांचा नियम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बी विंगला पाणी आले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, आणि ते लहान म्हणून काढून टाकले तर विचारणाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न टाकावा लागेल. नियमातून सुटण्यासाठी लोक ‘हो मॅडम, मला हे मान्य आहे’ असे लिहू लागतील, म्हणजे गर्दी तेवढीच राहील आणि वाचायला मात्र जास्त लागेल. सुप्रभाताचे लांबलचक सुविचार तर या नियमातून सहीसलामत सुटतील.

उत्तरे इतकी लहान का येतात, हेही पाहायला हवे. सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाकडून परिच्छेदाची अपेक्षा करता येत नाही. अनेक ज्येष्ठ सभासदांना मोबाइलवर मराठी टंकलेखन जमत नाही, आणि सेक्रेटरीबाईंनी कळवलेले आपण वाचले नाही असे त्यांना वाटू नये, म्हणून ते आदराने हात जोडतात. ‘नोटेड’ ही कार्यालयात लागलेली सवय आहे. यांतील कोणीही ग्रुपचा उपद्रव करायला बसलेला नाही. त्यामुळे उत्तर किती शब्दांचे आहे हे न मोजता, त्यातून पुढच्या वाचणाऱ्याला काही कळते की नाही, एवढेच पाहावे.

पोच देणाऱ्या उत्तरांचा बंदोबस्त सोपा आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर मूळ मेसेजलाच चिन्ह चिकटवण्याची सोय आहे. त्याची सूचना फक्त मेसेज टाकणाऱ्याला जाते, बाकीचे फोन वाजत नाहीत आणि मूळ मजकूरही वर सरकत नाही. वेगळा अंगठा पाठवण्याऐवजी मेसेजवर बोट दाबून ठेवून चिन्ह कसे द्यायचे, हे पुढच्या सभेत दहा मिनिटे काढून ज्येष्ठांना दाखवावे. निव्वळ सूचनांसाठी फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा वेगळा ग्रुप ठेवावा आणि चर्चेचा ग्रुप मोकळा सोडावा. आलेली उत्तरे काढून टाकण्याचा अधिकार मात्र जपून वापरावा. ॲडमिनने मेसेज काढला की त्या जागी तशी नोंद उरते, आणि ज्यांचा ‘ओके’ काढला गेला त्यांना चारचौघांत टोकल्यासारखे वाटते. पुढे त्याच शेजाऱ्यांशी लिफ्टमध्ये बोलायचे असते, हे ॲडमिनने विसरू नये.

खरी काळजी आहे ती लहान नकाराची. ऐंशी अंगठ्यांच्या मध्ये कोणीतरी ‘हे बरोबर नाही’ एवढेच लिहितो, कोणी विचारत नाही, आणि दोन महिन्यांनी तेच गृहस्थ उपनिबंधकांकडे अर्ज घेऊन जातात. असे उत्तर दिसताच ॲडमिनने त्याच दिवशी त्यांना फोन करून नेमके काय बरोबर नाही ते विचारावे आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांचा मुद्दा त्यांच्या नावाने ग्रुपवर नीट मांडावा. सगळ्यांदेखत ‘सविस्तर लिहा’ असे फर्मावू नये. ज्याला लिहिणे जड जाते त्याला तो दम वाटतो आणि तो गप्प बसतो. माझ्या मते ॲडमिनने ज्यावर वेळ खर्च करावा असे लहान उत्तर हेच आहे. बाकीच्यांकडे थोडा कानाडोळा केला तरी चालतो.

आता प्रश्न विचारण्याकडे येऊ, कारण निरुपयोगी उत्तरांना पुष्कळदा सूचनाच कारणीभूत असते. ‘रविवारी टाकी धुण्याचे ठरते आहे, सर्वांनी कळवावे’ असे लिहिले, तर काय कळवावे हे कोणालाच समजत नाही आणि सगळे ‘ओके’ म्हणतात. त्याऐवजी ‘रविवारी सकाळी १० ते दुपारी २ टाकी धुतली जाईल, पाणी भरून ठेवावे, घरात आजारी माणूस असल्यास फक्त त्यांनीच कळवावे’ असे लिहिले, तर मोजकी उत्तरे येतील आणि प्रत्येक उत्तर कामाचे असेल. दोन-तीन पर्यायांतून निवड हवी असेल तर व्हॉट्सॲपवरच मतचाचणी घेता येते. मात्र तेथे कोणी काय मत दिले ते साधारणपणे सर्वांना दिसते, म्हणून नाजूक विषय तेथे नेऊ नयेत.

रंगकामाबद्दलचे अंगठे होकार म्हणून मोजू नयेत. ‘वाचले’, ‘आवडले’ आणि ‘मान्य आहे’ हे तिन्ही अर्थ त्यात बसतात. कॅनडात सास्कॅचेवान प्रांतातील एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो पाठवला. त्याने अंगठा दाखवला, पण माल दिला नाही. आपण फक्त पोच दिली होती, असे त्याचे म्हणणे होते. परंतु आधीचे सौदेही त्याने ‘ओके’, ‘यप’ अशाच एका शब्दाने पक्के केले होते, म्हणून २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा हीच संमती मानली आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. तो व्यापारी व्यवहार होता आणि दोघांमधली रीत ठरलेली होती. आपल्या सोसायटीत तशी रीत नाही आणि ती पडूही नये. खर्चाचा निर्णय सर्वसाधारण सभेत ठराव करून, इतिवृत्तात नोंदवूनच घ्यावा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते ती सभासदांना विचार करता यावा म्हणूनच. पुनर्विकासाबाबत तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी लागतो आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. तेथे ग्रुपवरच्या अंगठ्यांना विचारतो कोण!

प्रश्न : गिरगावातली आमची चाळ पाडली गेली आणि बिऱ्हाडे विरार, डोंबिवलीपर्यंत पांगली, पण जुन्या चाळकऱ्यांचा ग्रुप आहे. कोणाच्या निधनाची बातमी आली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे शेकडो मेसेज येतात आणि अंत्ययात्रा किती वाजता, कोठून, हे त्यांत बुडून जाते. श्रद्धांजली थांबवा असे सांगणे बरे दिसत नाही. काय करावे?
— एक चाळकरी, दहिसर

उत्तर : श्रद्धांजली थांबवू नये. तेच दोन शब्द शंभर जणांनी लिहिले तरी घरच्यांना ते शंभर वेळा हवे असतात. ॲडमिनने एवढेच करावे, की घरच्यांना विचारून वेळ, पत्ता, स्मशानभूमी आणि एका नातेवाइकाचा फोन नंबर असा एकच मेसेज लिहावा आणि तो ग्रुपच्या माथ्यावर पिन करावा. विरारहून यायला दीड-दोन तास लागतात, तेव्हा वेळ नक्की नसेल तर ‘दुपारी बारानंतर, नक्की वेळ येथेच कळवू’ असे त्यातच लिहावे आणि वेळ ठरली की जुना मेसेज उतरवून नवा पिन करावा.