डेंटल बोर्डावर आपलेच स्पर्धक बसलेले असतील तर तक्रारीचा निकाल नि:पक्ष लागतो का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा: भारतात बीडीएस, मग अमेरिकेतलं शिक्षण, आता तिथेच स्वतःची प्रॅक्टिस. खालच्या डाव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल करताना फाइलचा, म्हणजे मुळातली नळी (कॅनाल) साफ करायच्या सुईसारख्या बारीक हत्याराचा, तुकडा आत राहिला. पेशंटने राज्याच्या डेंटल बोर्डाकडे, म्हणजे डेंटिस्टांना लायसन्स देणाऱ्या आणि त्यांच्यावर कारवाई करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली आणि बोर्डाने रेकॉर्ड मागवलं. बोर्डावर बहुसंख्य प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट, त्यातल्या एकाचं क्लिनिक यांच्याच शहरात. 'कुंपणच शेत खाणार, मग उत्तर द्यायचं तरी कशाला?'

उत्तर द्यायचंच, आणि मुदतीत द्यायचं. पण ते कुंपणाचं वाक्य फार स्वस्तात वापरलं जातं, म्हणून आधी त्याबद्दल.

तुकडा राहिला एवढ्यावर कुणाचं लायसन्स जात नाही. वाकड्या मुळात निकेल-टायटॅनियमची फाइल चांगल्या हातातही तुटते, आणि बऱ्याचदा तुटण्याआधी डोळ्यांना काही दिसत नाही. बोर्ड विचारतं ते त्यापुढचं. तुटल्याचं त्याच बैठकीत लक्षात आलं का? चार्टमध्ये कोणत्या कॅनालमध्ये, किती खोलवर असं लिहिलंय का? पेशंटला त्याच दिवशी सांगितलं का? एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) पाठवायची गोष्ट काढली का? तुकडा मुळाच्या टोकाशी आहे की मधोमध, तुटायच्या आधी कॅनाल किती साफ झाला होता, दाढेत आधी जंतुसंसर्ग होता का, यावर सगळं फिरतं. हे एक्स-रे बघून सांगायला डेंटिस्टच लागतो. वकील सांगू शकत नाही, सरकारी कारकून तर नाहीच. म्हणून बोर्डावर डेंटिस्ट हवेत. यावर माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शंका आहे ती दुसऱ्या गोष्टीबद्दल, आणि तिच्यावरून एका जुन्या स्नेह्यांशी माझं वर्षानुवर्षं वाजतंय. त्यांचं म्हणणं, धंद्यातलं सगळंच धंद्यातल्या लोकांनी ठरवावं, बाहेरच्याने नाक खुपसू नये. माझं म्हणणं, काम नीट झालं की नाही ते धंद्यातल्यांनी ठरवावं. धंद्यात कुणाला येऊ द्यायचं ते एकट्या त्यांच्या हाती देऊ नये. नॉर्थ कॅरोलायनात नेमकं हेच झालं, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. स्नेह्यांनी त्या निकालाची पहिली दोन पानं सोडून कधी काही वाचलेलं नाही, तेव्हा इथे जरा सविस्तरच लिहितो.

त्या राज्याच्या डेंटल बोर्डावर तेव्हा 8 सदस्य होते: 6 प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट, 1 हायजिनिस्ट (दातांची सफाई करणारा), 1 सामान्य ग्राहक. डेंटिस्टांना निवडून देणार राज्यातले डेंटिस्टच. ग्राहक सदस्य गव्हर्नर नेमणार. निवडून आलेल्याला काढायची सोय कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडे नव्हती. साधारण 1990 च्या दशकात तिथल्या डेंटिस्टांनी दात पांढरे करून द्यायला सुरुवात केली, त्यात पैसा चांगला होता, आणि बोर्डावरच्या बहुतेकांचाही त्यात वाटा होता. 2003 च्या सुमारास मॉलमधले गाळे आणि सलून तेच काम कमी पैशांत करू लागले. डेंटिस्टांच्या तक्रारी बोर्डाकडे येऊ लागल्या. तक्रारी कशाच्या? पेशंटला इजा झाल्याच्या फारच थोड्या. बहुतेकांचा सूर एकच, हे लोक स्वस्तात करतात.

बोर्डाने तपास सुरू केला तो एका डेंटिस्ट सदस्याच्या हाताखाली. हायजिनिस्ट आणि ग्राहक सदस्य त्यात कुठेच नव्हते. बोर्डाचा एक अधिकारी तर बोलून गेला की आपण या बिगर-डेंटिस्टांशी लढाईला निघालोय. 2006 पासून 'ताबडतोब थांबवा' अशी निदान 47 पत्रं गेली. लायसन्सशिवाय दंतवैद्यकी करणं हा गुन्हा आहे, असा त्यांतल्या बऱ्याच पत्रांत दम होता. मॉलच्या मालकांनाही पत्रं गेली, की या गाळेवाल्यांना हाकला. गाळे बंद झाले.

आता यातली गोम. राज्याच्या कायद्यात दात पांढरे करणं हे दंतवैद्यकीत मोडतं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि बिगर-लायसन्स माणसाला रोखायचं तर बोर्डाने कोर्टात जायचं, असं मात्र कायद्यात होतं. बोर्ड कोर्टात गेलं नाही. नियम करून नियमांची छाननी करणाऱ्या राज्याच्या आयोगापुढेही ठेवला नाही. कारण दोन्ही ठिकाणी कुणीतरी तिसऱ्याने 'का?' असं विचारलं असतं. पत्राला पोस्टाचं तिकीट पुरतं.

2010 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (धंद्यातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) स्पर्धा दडपण्याविरुद्धच्या कायद्याखाली बोर्डाला ओढलं. बोर्ड म्हणालं, आम्ही म्हणजे राज्य, आणि राज्याला हा कायदा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 25 फेब्रुवारी 2015 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी ते फेटाळलं. निकाल न्यायमूर्ती केनेडींचा. सार एवढंच, की बोर्डाचा ताबा ज्या धंद्याचं नियमन करायचं त्याच धंद्यात कमावणाऱ्यांकडे असेल, तर राज्याची प्रत्यक्ष देखरेख असल्याशिवाय राज्याचं कवच मिळणार नाही. देखरेख म्हणजे काय तेही सांगितलं: देखरेख करणाऱ्याने निर्णयाचा मजकूर तपासायचा, नुसती कागदपत्रांची पूर्तता नव्हे. निर्णय रद्द करायचा किंवा बदलायचा अधिकार त्याच्याकडे हवा. अधिकार कागदावर असून भागत नाही, तो वापरला जायला हवा. आणि तो स्वतः त्या धंद्यातला नको.

विरोधी मत न्यायमूर्ती अलिटोंचं, सोबत स्कालिया आणि थॉमस. त्यांचा एक प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो: 'ताबा' म्हणजे बहुमत, की त्याहून कमी लोकही चालतील? बहुमताच्या निकालात याचं स्पष्ट उत्तर नाही. स्नेह्यांनी हा मुद्दा कधी काढला असता तर मी गप्प बसलो असतो. त्यांचा मुद्दा ठरलेला असतो, की आता कुठला शहाणा डेंटिस्ट बोर्डावर बसेल, खटले अंगावर येतील. त्याचंही उत्तर निकालातच आहे: तो खटला नुकसानभरपाईचा नव्हताच, आणि सदस्यांचा बचाव नि खर्च राज्याने उचलावा, याला कोणतीही आडकाठी नाही.

आता तुमचं प्रकरण. ते या जातीचं नाही. तुम्ही लायसन्सधारक आहात, पेशंटची तक्रार आहे, मुद्दा एका दाढेचा आहे. इथे स्पर्धेचा बाऊ केलात तर ऐकणाऱ्याला तो पळवाटेसारखा वाटेल. धंद्यातला स्वार्थ म्हणून बोर्ड अपात्र ठरल्याचं गाजलेलं उदाहरण अलाबामाच्या चष्म्याच्या डॉक्टरांचं आहे. तिथल्या ऑप्टोमेट्री बोर्डावर सगळे स्वतंत्र प्रॅक्टिसवाले, आणि कारवाई कंपनीच्या पगारावर काम करणाऱ्यांवर. राज्यातले जवळपास निम्मे ऑप्टोमेट्रिस्ट असे पगारी होते. ते बाद झाले की त्यांचे पेशंट आपसूक बोर्डवाल्यांकडे. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बोर्ड पक्षपाती ठरवणारा खालच्या कोर्टाचा निष्कर्ष कायम ठेवला. तुमच्या एका दाढेने कुणाच्या ताटात एवढं पडत नाही.

तरी त्याच शहरातला सदस्य तुमचे कागद बघतोय असं वाटत असेल, तर त्याने या प्रकरणातून बाजूला व्हावं, अशी लेखी विनंती करा. दोन ओळींत: शहर, अंतर, पेशंट त्याच्याकडे गेलाय का. 'गेलाय का' हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचा इलाज करणारा साक्षीदार असतो, त्याने न्यायाधीश होऊ नये. विनंती सुनावणीच्या आधी, सुरुवातीलाच करायची. निकाल विरुद्ध गेल्यावर आठवलं तर कुणी विचारत नाही. ज्या सदस्याने तपास केला त्याने मतदानात बसू नये, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण तपास आणि निवाडा एकाच बोर्डाने केला एवढ्यानेच तो घटनाबाह्य होत नाही, हे 1975 पासून ठरलेलं आहे. त्यावर वकिलाचे तास जाळू नका.

तास लावायचे ते चार्टवर. तपासणारा डेंटिस्ट तुमचा चार्ट उघडतो तेव्हा ही अशी ओळ त्याला नको असते: 'आरसीटी केलं, पेशंट ठीक.' त्याला दिसायला हवं ते असं: औषधांचा इतिहास त्या दिवशी पुन्हा विचारला, आधीचा एक्स-रे, थंड आणि ठोकून केलेल्या तपासणीचा निकाल, निदान, संमती आणि तीत फाइल तुटण्याचा उल्लेख, भुलीसाठी 2 टक्के लिडोकेन, 1 लाखात 1 एपिनेफ्रिन, 1.7 मिलीची 2 कार्ट्रिज, म्हणजे 68 मिलिग्रॅम, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा) लावला, प्रत्येक कॅनालची लांबी आणि ती कुठल्या टोकापासून मोजली, कॅनाल धुवायच्या हायपोक्लोराइटची टक्केवारी, शेवटचा एक्स-रे. रबर डॅम लावूनही लिहिलेला नसला तर तपासणाऱ्याच्या लेखी तो लावलेलाच नाही, आणि रूट कॅनालमध्ये हा एकच रकाना रिकामा असणं फार महाग पडतं. एक्स-रेत डॅमचा क्लॅम्प दिसत असेल तर तुमचं नशीब. उत्तरात त्या फिल्मकडे बोट दाखवा.

दाताचा नंबर तपासा. भारतात शिकलेल्यांच्या बोटांत दातांना नंबर द्यायची एफडीआय पद्धत बसलेली असते. तुमची दाढ त्या पद्धतीत 36, अमेरिकेत 19. चुकून 36 लिहिलं गेलं तर निदान कळतं तरी, कारण तिथे मोठ्यांच्या दातांचे आकडे 32 वर संपतात. खरा धोका 26 चा. आपल्याकडे ती वरची डावी पहिली दाढ, तिकडे खालचा उजवा, मधल्या दाताशेजारचा पटाशीचा दात. जुन्या नोंदींत असं काही सापडलं तर उत्तरात स्वतःहून सांगा.

आणि सापडलं म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. पत्र आल्यावर चार्टला हात लावणं हा मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा धरला जातो. सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कुणी, कधी बदलली त्याचा माग राहतो, आणि बोर्ड तो मागवू शकतं. काही राहिलंच असेल तर आजच्या तारखेने, उशिराची नोंद असं स्पष्ट लिहून टाका. तीही वकिलाला विचारून. एक्स-रे मूळ स्वरूपात पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. बिलाचा हिशोबही सोबत द्या, कारण पूर्ण दाढेच्या रूट कॅनालचे पैसे घेतले आणि एखादा कॅनाल न भरलेला दिसला तर प्रकरण वेगळ्याच वाटेला लागतं. 'पेशंटची परवानगी नाही म्हणून रेकॉर्ड देत नाही' हे चालत नाही. देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला रेकॉर्ड द्यायची मुभा गोपनीयतेच्या कायद्यातच आहे.

पेशंटला फोन करून समजूत घालायची खुमखुमी येईल. आवरा. पैसे परत करायचे तर आधी विचारा, कोणाच्या खात्यातून? डॉक्टरांवरच्या कारवायांची जी राष्ट्रीय नोंदवही 1990 पासून चालू आहे, तिच्यात स्वतःच्या खिशातून दिलेली रक्कम जात नाही; पण पैशाची लेखी मागणी झाल्यावर प्रॅक्टिसच्या कॉर्पोरेशनच्या खात्यातून तीच रक्कम दिली, तर नोंद होऊ शकते. हजारभर डॉलरच्या परताव्यासाठी तिथे नाव लागलेलं जन्मभर सांगत बसावं लागतं. बोर्डाने तडजोडीचा मसुदा पाठवला तरी हेच बघायचं. नुसतं समज देणारं पत्र आणि ताशेरा किंवा प्रोबेशन असलेला आदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा 30 दिवसांत त्या नोंदवहीत जातो. 'फक्त सही करा, प्रकरण मिटवू' असं म्हटलं की तो कागद वकिलाशिवाय परत पाठवू नका.

विमा कंपनीला आजच कळवा. नेहमीच्या पॉलिसीत लायसन्सच्या बचावाचा खर्च असेलच असं नाही. तो बऱ्याचदा वेगळा जोडून घ्यावा लागतो, आणि त्याची मर्यादाही लहान असते. वकील बोर्डापुढची प्रकरणं चालवणारा हवा, अपघाताच्या भरपाईवाला नको.

वर लिहिलेलं प्रत्येक राज्यात तंतोतंत तसंच नसतं. कुठे सदस्य गव्हर्नर नेमतो, कुठे सुनावणी स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते, पुराव्याचं माप कुठे हलकं, कुठे जड. तुमच्या पत्रात कलम आणि मुदत लिहिलेली असेल, ती माझ्या उत्तरापेक्षा वरची. आणि हो, तुमच्या राज्यातली दात पांढरे करणाऱ्या गाळ्यांविरुद्धची सह्यांची मोहीम तुम्ही प्रश्नाच्या शेवटी चिकटवली आहे. आपल्याच बोर्डाला स्पर्धकांचा अड्डा म्हणायचं आणि त्याच बोर्डाकडून गाळे बंद करून हवेत, हे एका प्रश्नात बसत नाही. माझ्या स्नेह्यांनीही तिच्यावर सही केली आहे म्हणे.